तलावाकाठच्या लॉजवर तीन दिवस आणि अकरा माणसे: काय ठरवावे, काय सोडून द्यावे?

सावली

नमस्कार. लागून आलेल्या तीन सुट्ट्यांसाठी आम्ही तलावाकाठचा एक लॉज आरक्षित केला आहे. सासूबाई, सासरे, माझी आई, नणंद, तिचे यजमान, त्यांची दोन मुले, आमची दोन मुले आणि आम्ही दोघे असे अकरा जण जाणार आहोत. मुलांची वये ६, ९, ११ आणि १५ अशी आहेत. लॉजमध्ये चार खोल्या, एक सामाईक स्वयंपाकघर, तलावाकडे तोंड असलेला मोठा व्हरांडा, पाण्यात गेलेला लाकडी धक्का आणि दोन वल्ह्यांच्या होड्या आहेत.

विचारण्याचे कारण असे की दोन वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका ठिकाणी गेलो होतो आणि सगळेच जण दमून परतलो. माझ्या यजमानांनी तासातासाचे वेळापत्रक छापून आणले होते, ते पहिल्या दुपारीच कोलमडले. नणंद आणि मी तीनही दिवस स्वयंपाकघरातच होतो, इतक्या की तलाव मी मुख्यत्वे ओट्यासमोरच्या खिडकीतूनच पाहिला. पण खरी बोच वेगळीच आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सातही मोठी माणसे व्हरांड्यात बोलत बसलो असताना माझी धाकटी, तेव्हा चार वर्षांची, धक्क्याच्या अगदी टोकाला पाय सोडून एकटीच बसलेली दिसली. तिच्या एका पायात चप्पल होती, दुसरी पाण्यावर तरंगत दूर चालली होती आणि ती तिच्याकडे वाकून पाहत होती. काही झाले नाही. परंतु आमच्यापैकी प्रत्येकाला दुसरा कोणीतरी तिच्याकडे पाहतो आहे असे वाटत होते, ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

या वेळी मुलांच्या आनंदावर विरजण न घालता पाण्याची काळजी कशी घ्यावी, दिवसाची आखणी किती करावी, आणि खोल्या व स्वयंपाक यांची वाटणी कुरबुर न होता कशी करावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

काठावरचा

मी बरीच वर्षे मुलांना पोहायला शिकवतो, त्यामुळे फक्त पाण्याबद्दल लिहितो. स्वयंपाकघरातले राजकारण इतरांवर सोपवतो.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. सात जणांचे लक्ष असणे म्हणजे कोणाचेच लक्ष नसणे. म्हणून मुले पाण्याजवळ असतील तितका सर्व वेळ एकाच, नाव घेऊन नेमलेल्या माणसाकडे राखण असावी आणि ती त्याच्याकडे आहे हे सर्वांना दिसावे. आम्ही त्यासाठी गळ्यात अडकवण्याची शिट्टी वापरतो. शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्याच्या हातात मोबाइल नाही, पुस्तक नाही, मद्याचा पेला नाही आणि गप्पांत तोंड वळवणे नाही. वीस मिनिटांनी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, आणि घालताना "आता तुमच्याकडे" असे मोठ्याने म्हणायचे व समोरच्याने "माझ्याकडे" असे म्हणायचे. हे ऐकायला पोरखेळ वाटते, पण जबाबदारी हातातून हातात जाताना मध्ये सांडते ती नेमकी याच क्षणी.

दुसरी गोष्ट, बुडणारे मूल ओरडत नाही. अमेरिकेतील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांच्या हालचालींचा बारकाईने अभ्यास करून हे दाखवून दिले. तोंड पाण्याखाली जात-येत असताना श्वास घेणेच जेमतेम जमते, आवाज कोठून निघणार. हात वर हलवून मदत मागताही येत नाही, कारण ते आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभे राहते, पाय फारसे चालत नाहीत, आणि ही झुंज साधारण २० ते ६० सेकंदांत संपते. म्हणून सहा वर्षांची मुलगी पाण्यात असेल तर राखणदार काठावरच्या खुर्चीत नव्हे, तर हात लांबवल्यास ती हाताला लागेल इतक्या अंतरावर पाण्यातच असावा. खेळणारी मुले अचानक गप्प झाली तर आधी मोजा, मग कारण विचारा.

लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे घ्यावे, "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठे घेऊ नये. पट्टे आवळल्यावर जॅकेट खांद्यांपाशी धरून वर उचलून पाहा. ते हनुवटीच्या वर सरकून कानांपर्यंत येत असेल, तर पाण्यात मूल त्यातून खाली निसटेल. लॉजवर ठेवलेली जॅकेटे बहुधा मोठ्यांच्या मापाची असतात, त्यामुळे लहानांची स्वतः न्यावीत. हवा भरलेली वर्तुळे आणि बदके ही खेळणीच आहेत. काठाकडून तलावाकडे वारा असेल तर ती मुलासकट पाहता पाहता दूर जातात, आणि काठाच्या आडोशाला असलेल्या आपल्याला तो वारा जाणवतही नाही.

आता थंडाव्याबद्दल. तलावाचे पाणी उन्हाळ्यात थरांनी बनलेले असते. वरचा थर उन्हाने तापून हलका होतो आणि खालच्या गार, जड पाण्यावर तरंगत राहतो. उभे राहिल्यावर कमरेला कोमट आणि पावलांना गार लागते ते यामुळेच. मात्र ऊन चढलेले असले तरी पाणी तापलेले असेलच असे नाही, कारण पाणी हवेच्या मानाने फार सावकाश तापते. साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात एकदम पडलेला माणूस धाप लागून अनिच्छेने मोठा श्वास घेतो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर तेवढेच पुरते. कॅनडातील संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांचा अतिशय थंड पाण्यासाठीचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती सुमारे १० मिनिटे, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे पोहता येणारी माणसे पुष्कळदा गारठून नव्हे, तर त्याआधीच, हातपाय चालेनासे झाल्यामुळे बुडतात. लाइफ जॅकेट ती मधली वेळ भरून काढते.

हे सर्व मी धाकटीसाठी लिहिले असे वाटेल, पण माझी अधिक काळजी तुमच्या १५ वर्षांच्या मुलाबद्दल आहे. धाकटीवर सगळे डोळे ठेवतात. त्याला मात्र पोहता येते म्हणून कोणी पाहत नाही. सपाट पाण्यावर मध्ये खुणेला काहीच नसल्याने पलीकडचा काठ असतो त्यापेक्षा जवळ दिसतो आणि "जाऊन येतो" असे त्या वयात कोणीही म्हणते. त्याला पलीकडे जायचेच असेल तर शेजारून होडी चालली पाहिजे. तसेच धक्क्यावरून सूर मारायला बंदी, निदान तुम्ही स्वतः वल्हे बुडवून खोली मोजेपर्यंत आणि तळाशी ओंडका वा दगड नाही याची खात्री होईपर्यंत. आणि नंतरही आधी पाय, मग डोके.

शेवटचे, धक्क्याच्या खांबाला एक लांब दोर बांधून ठेवा, त्याच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन. कोणी संकटात सापडले तर तो फेकायचा, वल्हे पुढे करायचे, होडी न्यायची. घाबरलेल्या माणसाजवळ पोहत जाणारा त्याच्याबरोबर खाली जातो.

थोरली सून

वरील प्रतिसादानंतर पाण्याबद्दल लिहिण्यासारखे काही उरले नाही. स्वयंपाकाबद्दल मात्र माझा एकच आग्रह आहे: "मदत" हा शब्द काढून टाका. घरातले पुरुष मदत करतात तेव्हा काय शिजवायचे, किती शिजवायचे आणि मीठ कोठे आहे हे सारे बाईनेच सांगायचे असते, म्हणजे डोके तिचेच शिजत राहते. आमच्याकडे आता एका वेळचे जेवण एका कुटुंबाचे असते. ठरवण्यापासून भांडी विसळण्यापर्यंत सर्व काही त्यांचे, आणि त्या वेळी बाकीच्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, सूचना देण्यासाठी तर नाहीच. पहिल्या वेळी माझ्या दिरांनी केलेले जेवण दीड तास उशिरा आले आणि भातात पाणी होते. सर्वांनी निमूट खाल्ले. दुसऱ्या वेळी ते वेळेवर आले. सकाळचा नाश्ता सामाईक ठेवूच नका. जो उठेल त्याने आपले घ्यावे. दिवसातून एकच जेवण सर्वांनी मिळून करायचे ठरवले तर त्या जेवणाची गोडीही राहते.

खोल्यांचा निर्णय तेथे जाऊन दारात उभे राहून घेऊ नका. लॉजकडून नकाशा वा छायाचित्रे मागवून घरीच ठरवा. ज्यांचे गुडघे दुखतात आणि ज्यांना रात्री उठावे लागते त्यांना तळमजल्यावरची, स्नानगृहाला लागून असलेली खोली. लवकर झोपणाऱ्यांना व्हरांड्यापासून दूरची. आणि चारही मुलांना एकत्र एका खोलीत. तलाव दिसणारी खोली कोणाला, यावरून आमच्याकडे अबोला झाला होता, म्हणून ती मुलांना देऊन टाकली. खर्च माणशी वाटायचा की खोलीमागे, हेही निघण्याआधी लिहून सर्वांना पाठवा. परतल्यावर काढलेल्या हिशेबात सहलीतला प्रत्येक रुसवा जमेस धरला जातो.

निवृत्त वल्हेकरी

माझे वय ७४ आहे, त्यामुळे मी व्हरांड्यातल्या खुर्चीच्या बाजूने लिहितो. अशा सहलींत आम्हाला तलावाकडे तोंड करून बसवले जाते, पायांवर शाल टाकली जाते आणि "आता तुम्ही निवांत बसा" असे सांगून मंडळी निघून जातात. हेतू चांगला असतो. पण घरीही आम्ही निवांतच बसलेलो असतो! तुमच्या सासऱ्यांना, सासूबाईंना आणि आईंना एकेक खरे काम द्या. पाण्यात उतरणारा राखणदार निराळा, पण धक्क्यावरून माथी मोजणे, शिट्टीची वेळ पाळणे, संध्याकाळी दोन्ही होड्या बांधल्या आहेत का हे पाहणे, ही आमच्या वयाला उत्तम जमणारी कामे आहेत.

होडीत चढताना मात्र हात द्यावा. एकाने काठावरून होडी घट्ट धरावी, चढणाऱ्याने खाली वाकून, होडीच्या मध्यावर पाऊल ठेवावे आणि लगेच बसावे. तो बसल्यावरच दुसऱ्याने चढावे. एक पाय होडीत आणि एक धक्क्यावर अशा अवस्थेत विचार करत उभे राहिलेल्या माणसाचा निर्णय होडीच घेते. मी तसा एकदा चष्म्यासह पाण्यात गेलो आहे.

एक सुचवतो. म्हातारी माणसे आणि सहा वर्षांची मुले सर्वांत आधी उठतात. त्यांची जोडी लावून द्या. रात्रभरात हवा गार झालेली असते आणि पाणी तितके गार झालेले नसते, त्यामुळे पहाटे पाण्यावरून वाफेसारखे धुके उठते आणि ऊन आले की पाहता पाहता विरते. हे पाहायला नऊ वाजता उठून चालत नाही. त्याच वेळी मुलांना आवाजाची गंमतही दाखवता येते: पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर निसटून न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून दूरवर जातो, म्हणून पलीकडच्या काठावरचे बोलणे शेजारच्या खोलीतल्यासारखे ऐकू येते. संध्याकाळी वारा पडल्यावरही असेच होते. तेव्हा व्हरांड्यात बसून नणंदा-भावजयींनी काय बोलावे याचा विचार करावा, कारण समोरच्या काठाला तेही ऐकू जाईल.

पाणवेडा

आखणीबद्दल माझे मत असे की आखणी नको, पण सामान हवे. एक पांढरी पसरट ताटली, पाच-सहा मीटर सुतळी, सुतळीवर खुणा करण्यासाठी रंगीत दोरा, एक साधा तापमापक आणि एक वही, इतके पुरते.

ताटलीला काठाजवळ तीन भोके पाडून ती आडवी टांगली जाईल अशी बांधा, खाली एखादा दगड अडकवा आणि सुतळीवर दर वीस सेंटिमीटरवर गाठ मारा. होडी सावलीच्या बाजूला वळवून ती हळूहळू पाण्यात सोडा आणि ती दिसेनाशी झाली की गाठी मोजा. हीच गोष्ट १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञाने समुद्रावर केली होती, आणि तलावांचे अभ्यासक पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी आजही तशीच तबकडी वापरतात. तलावांसाठीची सहसा २० सेंटिमीटर व्यासाची आणि काळ्या-पांढऱ्या चतकोरांची असते. सकाळी, दुपारी आणि पावसानंतर मोजा. पावसाने वाहून आलेला गाळ, वाऱ्याने ढवळलेला तळ, पाण्यात वाढलेले सूक्ष्म शेवाळ, हे सारे त्या एका आकड्यात उतरते. माझ्या मुलीने एकदा सलग तीन दिवस असे आकडे लिहिले आणि चौथ्या दिवशी घरी येताच पाण्याच्या पिंपात ताटली सोडली.

दुसरा खेळ चपटे दगड पाण्यावर टप्पे खात जातील असे फेकण्याचा. फ्रान्समधील संशोधकांनी २००४ साली प्रयोगांतून दाखवले की दगड पाण्याच्या पातळीशी सुमारे २० अंशांचा कोन करून टेकला तर उत्तम उडतो. शिवाय त्याला मनगटाने दिलेली गिरकी हवी, नाहीतर तो पहिल्याच टप्प्याला कलंडतो. यातला जागतिक विक्रम २०१३ साली अमेरिकेच्या कर्ट स्टायनर यांनी ८८ टप्प्यांचा केला आहे. तुमचा १५ वर्षांचा मुलगा हा आकडा ऐकून मोबाइल खाली ठेवील अशी आशा करू या.

दोन सूचना. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर त्या दिवशी कोणीही, विशेषतः लहान मुले व कुत्रा, पाण्यात उतरू नये. काही नील-हरित शेवाळे विष तयार करतात आणि पाणी उकळूनही ते जात नाही. आणि गडगडाट ऐकू आला की लगेच पाण्याबाहेर यावे, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे जाईपर्यंत परत उतरू नये. मुले रडतील. रडू द्यावे.

यादीप्रिय

वेळापत्रक नको म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. काहीच ठरवले नाही तर "मग आता काय करायचे?" हा प्रश्न दर दोन तासांनी घरातल्या त्याच एका बाईपुढे येतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. दिवसाला एक गोष्ट ठरवावी, तीही दुपारच्या आधीची, आणि ती रोज वेगळ्या माणसाने ठरवावी.

शिवाय पोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पाहण्याची एक छोटी यादी हवी: फोनला संपर्क कोठे मिळतो, सर्वांत जवळचे रुग्णालय किती दूर आहे, औषधे कोठे ठेवली, धक्क्याची कोणती फळी हलते. लॉजमध्ये शेकोटीची जागा वा गॅसवर चालणारा हीटर असेल तर धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी आहे ना, कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू आहे ना, हे विचारून घ्यावे. त्या वायूला वास नसतो. बाहेर पेटवलेली कोळशाची शेगडी गारवा वाढला म्हणून आत आणून ठेवणे, ही तर अजिबात न करण्याची गोष्ट आहे. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही तो वायू निघत राहतो.

सावली

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहते. सासूबाईंना पोहता येत नाही. त्यांच्या गळ्यात शिट्टी देणे योग्य होईल का?

काठावरचा

धाकटी मुले पाण्यात असताना नाही. तेव्हा राखणदार पोहणारा आणि पाण्यात असलेलाच हवा. पण मुले धक्क्यावर, काठावर किंवा अंगणात असतील तेव्हा अवश्य द्यावी. तुमच्या धाकटीची चप्पल पाण्यात गेली ती पोहताना नव्हे. घरच्यांचा अंदाज असा असतो की धोका पोहण्याच्या वेळी असतो, आणि म्हणून पोहून झाले, अंग पुसले, की सगळे डोळे एकदम सैल होतात. तो जेवणापूर्वीचा अर्धा तास त्यांच्याकडे द्या.

सावली

काल रात्री परतलो. विचारले होते, तर काय झाले ते सांगणेही माझे काम आहे.

खोल्या आणि खर्च आधीच ठरल्यामुळे दारात कोणीही घुटमळले नाही. यजमानांनी वेळापत्रक केले नाही, पण सवय जाईना म्हणून शिट्टीच्या पाळ्यांचा तक्ता करून फ्रिजवर लावला, आणि मला मान्य करावे लागेल की तो उपयोगी पडला. नणंदेच्या यजमानांनी केलेले जेवण वेळेवर झाले. भांडी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओट्यावर होती आणि मी व नणंद दोघींनी, एकमेकींचे हात धरून म्हणावे इतक्या कष्टाने, ती तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाऊस आला आणि गडगडाटामुळे मुले दीड तास व्हरांड्यात अडकली. त्यांनी वहीत पहिल्या दिवशीचा आकडा बारा गाठी असा लिहिला होता. पाऊस थांबल्यावर थोरल्याने ताटली पुन्हा सोडली तर ती सातव्या गाठीलाच दिसेनाशी झाली. ओढ्याच्या तोंडापाशी तर ती चौथ्या गाठीला गेली. तो नंतर रात्रीपर्यंत ओढा कोठून येतो हे विचारत होता, आणि तिसऱ्या दिवशीची ठरवलेली एक गोष्ट मग तीच झाली: सगळेच ओढ्याच्या काठाने वर चालत गेलो, सासरे आणि आई अर्ध्या वाटेपर्यंत.

सासूबाईंना संध्याकाळची पाळी दिली होती. पहिल्या दिवशी त्या संकोचल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही व्हरांड्यात गप्पा मारत असताना शिट्टी इतक्या जोरात वाजली की पलीकडच्या काठावरून कोणीतरी हाक मारून काय झाले म्हणून विचारले. धाकटी धक्क्याच्या पहिल्या फळीवर एक पाऊल टाकून उभी होती, दोन्ही चपला पायांत होत्या. वीस मिनिटे संपल्यावर माझ्या यजमानांनी हात पुढे केला तेव्हा "तू आधी मोबाइल खिशात ठेव" असे सांगून त्यांनी आणखी वीस मिनिटे शिट्टी स्वतःकडेच ठेवली. ती अजून त्यांच्याच पर्समध्ये आहे. मागितली, तर पुढचे आरक्षण कोणत्या तारखेचे केले आहे, असे विचारतात.